कागदावरचे पाणी

वाळपईत नळ कोरडा पडला की आम्ही सारेच कुरकुरतो. पण पाणी समोर असून ते न मिळणे, ही गोष्ट निराळी. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत. अस्पृश्यांना मात्र मज्जाव. सार्वजनिक पाणवठे त्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला, नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह ते पाणी प्यायले आणि गाव खवळले. तळ्याची ‘शुद्धी’ झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. (जो कधी पाळलाच नव्हता, तो मागे घ्यायला मात्र सभा भरली!) उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडले.

अमेरिकेतील जॅक्सन हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे शहर. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील जलशुद्धीकरण केंद्र कोलमडले आणि सुमारे दीड लाख लोक शुद्ध पाण्याला मुकले. तेथे मज्जाव कुणीच केला नव्हता. दुरुस्ती तेवढी वर्षानुवर्षे राहून गेली होती.

वर्गात हे सांगताना एका मुलीने विचारले, “सर, आपल्याकडे नळ सगळ्यांत शेवटी कुठल्या वाड्यावर पोचला?” मला चटकन उत्तर देता आले नाही.