दसऱ्याला निघालेला शिपाई

कुठल्याही गडकोटाची रील उघडा. धुकं, भगवा झेंडा, ढोल-ताशा, आणि खाली कॉमेंट्समध्ये हमखास एक वाक्य: लढणं आमच्या रक्तातच आहे. हे वाक्य आता इतकं सवयीचं झालंय की ते नेमकं कधीपासूनचं, असा प्रश्नही पडत नाही. मला तो पडला सभासदाची बखर वाचताना.

कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली. तिच्यात पराक्रम भरपूर आहे. पण लष्कराचं वर्णन आलं की सभासद एकदम हिशेबनीस होतो. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत यायचं. दसरा झाला की मुलुखगिरीला निघायचं. निघताना लहानथोर प्रत्येकाच्या सामानाची यादी करायची. आठ महिने परमुलखात काढायचे, वैशाखात परतायचं, आणि परतल्यावर सगळ्यांचा झाडा घ्यायचा. यादीपेक्षा जास्त काही सापडलं तर ते सरकारजमा. सोबत बायका, बटकी, कलावंतीण न्यायची नाही.

ही शिस्त शाळेत शिकवतात. तिच्यातलं वेळापत्रक मात्र आपण सहसा पाहत नाही. दसरा ते वैशाख म्हणजे पीक हाती येण्याच्या सुमारापासून पेरणीच्या आधीपर्यंत. दसऱ्याला आपण सोनं लुटतो आणि सीमोल्लंघन करतो, त्यामागे हाच हंगाम आहे. लढाई हे कुणब्याच्या वर्षातलं एक काम होतं, आणि ते जोखमीचं होतं.

भाषेतही ते उरलंय. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. दोन्ही शब्द सांगतात ते घोडा कोणाचा, एवढंच. शिलेदाराचा घोडा मेला तर भुर्दंड त्याचाच. आज टी-शर्टवर छापलेला ‘मावळा’ हा शब्द तर मुळात पत्ता आहे: पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीत जी खोरी आहेत, त्या मावळांत राहणारा. कोकणातले नेमबाज ते हेटकरी. गडांच्या घेऱ्यात राखणीला रामोशी, महार, मांग, बेरड असत. तटावर कोण आणि तटाखाली कोण ही उतरंड होतीच, ती नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल. पण गड राखायचा तर त्या सगळ्यांना शस्त्र धरावं लागे.

मग रक्ताचा प्रश्न नव्हताच का? होता, पण राजाला. 1674 च्या राज्याभिषेकासाठी क्षत्रिय कूळ सिद्ध करावं लागलं, गागाभट्टांना आणावं लागलं. शिपायाला ते विचारलं जात नव्हतं. त्याला विचारलं जाई घोड्याबद्दल.

हे पुढे दीडशे वर्षं चाललं. 1 जानेवारी 1818 ला भीमेकाठच्या कोरेगावात कॅप्टन स्टाँटनची तुकडी आणि पेशव्यांची फौज भिडली, तेव्हा दोन्ही बाजूंना भरतीचा हाच बाजार उभा होता. पेशव्यांकडून अरब आणि गोसावी लढले. कंपनीकडे मुंबईचं पायदळ, मद्रासचे तोफची, पुण्याकडचे स्वार. नंतर उभारलेल्या स्तंभावर जी नावं आहेत, त्यांत ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची, 22 आहेत. शेजारी मराठा आणि मुसलमान नावंही आहेत. मुंबईच्या फौजेत महारांची भरती तेव्हा नेहमीची होती. त्यांना वंशावळ कोणी मागितली नव्हती.

ती मागितली गेली 1857 नंतर. उठाव करणारी बंगालची फौज मोडली आणि कोणावर भरवसा ठेवायचा याचा इंग्रजांनी नव्याने हिशेब मांडला. त्यातून ‘मार्शल रेस’ नावाची कल्पना वाढली: काही जमाती जन्मतः लढवय्या असतात, बाकीच्या नसतात. 1885 ते 1893 या काळात सरसेनापती असलेला रॉबर्ट्स तिचा मोठा पुरस्कर्ता. दक्षिणेकडचे लोक दीर्घ शांततेने मऊ पडलेत, खरा शिपाई उत्तरेत मिळतो, असं त्याचं मत. (शांतता आणली कोणी, हा प्रश्न त्याला पडला नसावा.) मग भरती अधिकाऱ्यांसाठी जातवार हँडबुकं निघाली. मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरचं बेथमचं पुस्तक 1908 चं. कुठल्या तालुक्यातला, कुठल्या कुळीचा, कसल्या स्वभावाचा माणूस घ्यावा, हे त्यांत असायचं, साधारण बैलबाजारात दात बघावेत तसं. पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत हिंदी फौजेतले जवळपास निम्मे शिपाई पंजाबातले झाले होते.

या यादीत महारांना जागा नव्हती. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती थांबली.

एका नोकरीचा दरवाजा बंद झाला, एवढ्यावर हे संपत नाही. पलटण म्हणजे रोख पगार, पेन्शन आणि गणवेश. छावणीत महार सुभेदाराला इतर जातीच्या शिपायानेही सलाम करायचा, आणि गावात त्याच सुभेदाराची सावली चालत नव्हती. शिपायांच्या मुलांना लष्करी शाळेत शिकायला मिळे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेचे हेडमास्तर होते. ज्या समाजाला गावची शाळा उंबऱ्याबाहेर बसवत होती, त्याच्यासाठी बंदुकीपेक्षा पाटी जास्त मोलाची होती.

म्हणून अर्ज सुरू झाले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले, दापोलीत राहायचे. 1894 साली त्यांनी सरकारसाठी जो अर्ज तयार केला, त्यात आम्ही इमानाने नोकरी केली, हे तर होतंच. पण त्या काळात नोकरीचा दाखला पुरत नव्हता. म्हणून महार मूळचे क्षत्रिय आहेत, दुर्गादेवीच्या दुष्काळात पोटासाठी मिळेल ते खावं लागलं म्हणून खाली ढकलले गेले, असंही त्यात मांडलेलं होतं.

मला या अर्जाने थांबवलं. ज्यांच्या नावांचा स्तंभ कोरेगावात उभा होता, त्यांनाही आपण लढू शकतो हे सांगायला पाचशे वर्षांपूर्वीचं रक्त पुराव्याला आणावं लागत होतं. समोरचा ज्या भाषेत नाकारतो, त्याच भाषेत मागावं लागतं. 1910 मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनला, भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. मागणी फार नम्र होती: मोठे राजकीय हक्क नकोत, पोलिसात आणि फौजेत शेवटच्या पायरीवरची जागा द्या.

उत्तर शेवटी युद्धाने दिलं. पहिल्या महायुद्धात ‘जन्मजात लढवय्ये’ कमी पडायला लागले, तेव्हा 1917 मध्ये 111वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि 1921 मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना, 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे. मराठ्यांचीही पत याच रीतीने चढली. कूत अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या, आणि मेसोपोटेमियातल्या त्या युद्धानंतर मराठा शिपाई इंग्रजांना पुन्हा कडवा वाटू लागला. गरज पडली की रक्त बदलत होतं.

इंग्रज गेले, शब्द राहिले. त्यात सिनेमाची मदत झाली. हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी 1903 ची, तिच्यावर बाबूराव पेंटरांनी 1923 मध्ये ‘सिंहगड’ काढला, आणि 2020 मध्ये आला ‘तान्हाजी: द अनसंग वॉरियर’. अनसंग! ज्याच्यावर तुळशीदास शाहिराचा पोवाडा पिढ्यान् पिढ्या डफावर गायला गेला, तो. असो. मला खटकतं ते वेगळंच. जुन्या गोष्टीत तानाजी पोराचं लग्न टाकून येतो. शेलारमामा, सूर्याजी, नातीगोती, गाव सोबत असतं. मोठ्या पडद्यावर उरतो एक स्नायूदार माणूस, स्लो मोशनमध्ये, ज्याला लढण्यासाठी कारण लागत नाही. त्याचा घोडा कोणाचा आणि घरी पेरणी कोण करतंय, हे कॅमेऱ्याला दिसत नाही.

साताऱ्याकडे पहाटे गाडीने निघालात तर हायवेच्या कडेने पोरं पळताना दिसतात. भरतीची तयारी. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत. बहुतेक शेतकऱ्यांची मुलं, वावर थोडं आणि भाऊ दोन. अकॅडमीची फी घरच्यांनी कुठूनतरी उभी केलेली असते. 2022 पासून भरती ‘अग्निवीर’ म्हणून, चार वर्षांसाठी. त्यातले जास्तीत जास्त पाव टक्के नव्हे, पाव भाग पुढे कायम होतात. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर घरी परत येतात. कोणी विचारलं तर पोरं देशसेवा म्हणतात, आणि ते खोटं नसतं. थोडा वेळ बोलत बसलात की पगाराचा आकडा येतो, बहिणीचं लग्न येतं. मैदानावर सुभेदार टेप घेऊन उभा असतो. श्वास भरून छाती पाच सेंटिमीटर फुगली पाहिजे.