साठ हजारांचा व्हेडर

१७ नोव्हेंबर २०१७, शुक्रवार. या दिवशी ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ हा गेम जगभर विक्रीला येणार होता. प्रकाशक कॅलिफोर्नियातली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए. घडवणारा स्टॉकहोमचा डाइस स्टुडिओ. पात्रांची मालकी डिस्नेकडे, आणि डिस्नेचा नवा ‘स्टार वॉर्स’ चित्रपट महिन्याभरावर आलेला. याहून चांगला मुहूर्त ईएला मिळाला नसता. खालचे तास त्या शुक्रवारपासून मागे, तारखांवरून मोजले आहेत.

उरले सुमारे हजार तास

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. गेम चाचणीसाठी खुला झाला आणि खेळणाऱ्यांना आतल्या पेट्या दिसल्या. पेटीत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. निघालं तर ‘स्टार कार्ड’ निघतं आणि त्यानं तुमचा सैनिक जास्त ताकदवान होतो. पेटी खेळून कमावलेल्या क्रेडिट्सवर मिळणार होती, किंवा खरे पैसे मोजून घेतलेल्या क्रिस्टल्सवर. म्हणजे समोरचा जिंकला तो हातानं की पाकिटानं, हे हरणाऱ्याला कधीच कळणार नव्हतं.

मोबाइलवरच्या फुकट गेममध्ये ही रीत जुनी आहे. गेमचा आवळा द्यायचा आणि पेट्यांचा कोहळा काढायचा. इथे मात्र आवळाही फुकट नव्हता. अमेरिकेत साधी प्रत ६० डॉलरला, डिलक्स ८० डॉलरला. तक्रारी झाल्या, डाइसनं पेट्यांमध्ये थोडे फेरफार केले. पेट्या राहिल्या.

उरले १९२ तास

९ नोव्हेंबर. ईएची वर्गणी भरणाऱ्यांना आधीच दहा तास खेळून बघता आलं. आत गेल्यावर त्यांना कळलं की ल्यूक स्कायवॉकर आणि डार्थ व्हेडर कुलुपात आहेत. किंमत प्रत्येकी ६०,००० क्रेडिट्स. एका खेळाडूनं सामन्यांतली कमाई मांडून हिशेब केला : एका नायकासाठी साधारण ४० तास. तेही पेटी एकदाही न घेता.

नाटकाचं तिकीट काढून बसावं, पडदा वर जावा आणि नायकाच्या प्रवेशासाठी पुन्हा खिडकीवर जायला सांगावं, असा हा प्रकार होता.

उरले १२० तास

१२ नोव्हेंबर, रविवार. ८० डॉलर भरूनही व्हेडर बंद का, असं एकानं रेडिटवर विचारलं. ईएच्या संपर्क पथकानं उत्तर दिलं. नायक मिळवताना खेळाडूला अभिमान आणि काहीतरी साध्य केल्याचं समाधान वाटावं, हा हेतू आहे, अशा अर्थाचं.

हे वाक्य लोकांच्या जिव्हारी लागलं, आणि मला ते रास्त वाटतं. कष्टाचा अभिमान वाटतो तो आडवाट नसते तेव्हा. इथे पैसेवाल्यासाठी आडवाट मुद्दाम बांधलेली होती. पेट्यांमधून क्रेडिट्सही निघत. भिंत उंच होती ती शिडी विकायची होती म्हणून. खेळणाऱ्यांना हे बरोबर कळलं. त्या उत्तरावरच्या नापसंतीच्या मतांचा आकडा पुढे ६ लाख ८३ हजारांवर गेला. गिनेस बुकात त्याची विक्रम म्हणून नोंद आहे.

उरले ९६ तास

सोमवार. ईएनं नायकांच्या किमती ७५ टक्क्यांनी उतरवल्या. व्हेडर आणि ल्यूक १५,००० वर आले. माघार मोठी होती, पण लोकांनी पुढची ओळही वाचली : कथानक पूर्ण केल्याचं बक्षीस २०,००० वरून ५,००० वर आणलं होतं. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं परत घेतलं. माझ्या मते खरी चूक याच दिवशी झाली. एका रात्रीत पाऊण किंमत गळू शकते, तर ६०,००० हा आकडा कशाच्या आधारावर ठरला होता?

उरले ७२ तास

मंगळवार. डिलक्स प्रतवाले आत आले. एकट्यानं खेळायच्या आर्केडमध्ये ठरावीक क्रेडिट्स कमावली की कमाई थांबते आणि पुढच्यासाठी काही तास वाट पाहा, अशी पाटी येते, हेही बाहेर आलं. थेट मोबाइल गेममधलं घड्याळ.

उरले ४८ तास

बुधवार. डाइसचे तीन जबाबदार अधिकारी खेळाडूंच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बसले. बदल करू, आकडे पाहतो आहोत, असं सांगत राहिले. पेट्यांची विक्री बंद करू, हे कुणी म्हटलं नाही. त्याच दिवशी बेल्जियममधून बातमी आली की तिथला जुगार आयोग या गेमची आणि ‘ओव्हरवॉच’ या दुसऱ्या गेमची तपासणी करतो आहे. काय मिळणार ते माहीत नसताना पैसे लावणं हा जुगार आहे का, एवढाच आयोगाचा प्रश्न होता. ग्राहकांचं भांडण आता कायद्याच्या दारात गेलं.

उरले थोडके तास

गुरुवार, १६ नोव्हेंबर. डाइसचे प्रमुख ऑस्कर गॅब्रिएल्सन यांनी निवेदन काढलं : गेममधली सगळी खरेदी बंद. पुढे बदल करून ती परत येईल, पण तूर्त सगळी प्रगती खेळूनच. ज्या दुकानाभोवती गेमची प्रगती रचली होती, ते उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी बंद झालं.

शून्य, आणि त्यानंतर

गेम आला. चारच दिवसांनी हवाईचे लोकप्रतिनिधी ख्रिस ली यांनी अशा पेट्या मुलांना विकण्याविरुद्ध कायद्याची मागणी केली. महिनाअखेर ईएचं बाजारमूल्य सुमारे ३ अब्ज डॉलरनं घटलेलं होतं. मार्च २०१८ मध्ये प्रगतीची पूर्ण फेररचना झाली : स्टार कार्ड फक्त खेळून, पैसे चालतील ते पात्रांच्या रूपासाठी.

एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमनं ‘फिफा १८’, ‘ओव्हरवॉच’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ या तीन गेममधल्या विकाऊ पेट्या बेकायदा ठरवल्या. ‘बॅटलफ्रंट २’ त्या यादीत नव्हता, कारण त्याच्या पेट्या तोवर विक्रीतून गेल्या होत्या. ‘फिफा’ ईएचाच. तिथे खरे पैसे घेऊन पेट्यांसाठीचे पॉइंट्स विकणं कंपनीनं जानेवारी २०१९ मध्ये थांबवलं, आणि तेही बेल्जियममध्ये. त्या देशाच्या हद्दीबाहेर ती विक्री चालूच राहिली.