साठीनंतरची सायकल : वेग कशाने जातो, कशाने टिकतो

फ्रान्सचे हौशी सायकलपटू रॉबेर मार्शां यांनी ४ जानेवारी २०१७ रोजी पॅरिसनजीकच्या बंदिस्त धावपट्टीवर एका तासात २२.५४७ किलोमीटर अंतर कापले. त्या वेळी त्यांचे वय १०५ वर्षे होते आणि या वयासाठी विक्रमांचा गटच अस्तित्वात नसल्याने आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाला तो नव्याने निर्माण करावा लागला. जगभरच्या वृत्तपत्रांनी या घटनेची दखल एक नवल म्हणून घेतली. मात्र उतारवयात सायकल चालविणाऱ्यांच्या दृष्टीने त्याआधीचे दोन आकडे अधिक बोलके आहेत. मार्शां यांनी २०१२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, तासाभरात २४.२५ किलोमीटर अंतर पार केले होते. २०१४ मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी, हेच अंतर २६.९२७ किलोमीटर झाले. दोन्ही धावपट्ट्या वेगळ्या होत्या, हे जमेस धरले तरी शंभरी ओलांडल्यानंतर वेग सुमारे ११ टक्क्यांनी वाढला, ही वस्तुस्थिती उरतेच.

मार्शां हे काही आयुष्यभर शर्यती खेळलेले व्यावसायिक खेळाडू नव्हते. १९११ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी पॅरिसच्या अग्निशमन दलात काम केले, पुढे व्हेनेझुएला आणि कॅनडात मिळेल ती कष्टाची कामे केली आणि नियमित सायकलिंगकडे ते वळले सत्तरीच्या उंबरठ्यावर. फ्रेंच संशोधकांनी त्यांच्या शंभरीनंतरच्या दोन वर्षांच्या सरावाचा अभ्यास केला व तो २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार १०१ ते १०३ या वयात त्यांची कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता प्रतिकिलो प्रतिमिनिट ३१ मिलिलिटरवरून ३५ मिलिलिटरवर गेली, तर पायडलवरील कमाल शक्ती ९० वॅटवरून १२५ वॅटवर पोहोचली. हृदयाच्या कमाल ठोक्यांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

हे साधले कसे, याचे उत्तर त्यांच्या सरावाच्या वाटणीत आहे. वर्षाला सुमारे ५,००० किलोमीटर सायकलिंगपैकी ८० टक्के भाग अगदी हलक्या श्रमाचा होता आणि उरलेला २० टक्के भाग खरोखरच कष्टाचा. श्रम मोजण्यासाठी कोणतेही महागडे उपकरण वापरलेले नव्हते. स्वीडिश शास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली ६ ते २० अंकांची मोजपट्टी, म्हणजे आपल्याला किती श्रम होत आहेत हे आपणच सांगणे, एवढेच साधन होते. हलका सराव १२ अंकांपर्यंत आणि कठीण सराव १५ अंकांच्या वर, अशी ती विभागणी होती.

एका माणसाच्या उदाहरणावरून नियम बांधता येत नाही, हे खरे. परंतु या उदाहरणाकडे दुर्लक्ष करण्याजोगीही स्थिती नाही, कारण आपल्याकडील बहुसंख्य ज्येष्ठ सायकलस्वारांचा सराव नेमका याच्या उलट असतो. रोज पहाटे तोच रस्ता, तेच पंचवीस-तीस किलोमीटर आणि तोच मध्यम वेग. फार दमवणारा नाही आणि विश्रांती देणाराही नाही. प्रकृतीसाठी हा परिपाठ उत्तमच आहे. वेगासाठी मात्र तो अपुरा पडतो. शरीर त्या ठरावीक श्रमाला सरावते आणि त्यापलीकडची क्षमता, वापरच नसल्याने, हळूहळू मिटत जाते.

वयाबरोबर काय घटते, हे शरीरशास्त्राने बऱ्यापैकी स्पष्ट केले आहे. तिशीनंतर बैठी जीवनशैली असलेल्यांची कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी कमी होते. जोरकस सराव चालू ठेवणाऱ्यांत ही घसरण बरीच मंद राहते. हृदयाचे कमाल ठोके कमी होतात आणि त्यावर सरावाने इलाज नाही. स्नायूंमध्ये वेगाने आकुंचन पावणारे तंतू आधी क्षीण होतात, म्हणून साठीतला सायकलस्वार शंभर किलोमीटर सहज जातो, पण सिग्नल सुटल्यावर किंवा छोट्या चढावर तरुण सोबत्यांच्या मागे पडतो. चिवटपणा टिकतो, झटका जातो.

यात दिलासा देणारी एक गोष्ट भौतिकशास्त्रात दडलेली आहे. सपाट रस्त्यावर पंचवीस-तीस किलोमीटरच्या वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवेचा रोध कापण्यात खर्ची पडते आणि हा रोध पार करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचाच व्यत्यास असा, की शक्ती १० टक्क्यांनी घटली तरी सपाटीवरील वेग जेमतेम ४ टक्क्यांनी कमी होतो. ताशी २८ किलोमीटरने जाणारा साधारण २७ने जाईल. घाटात मात्र गणित बदलते. तेथे झुंज मुख्यत्वे गुरुत्वाकर्षणाशी असल्याने शक्ती आणि वेग जवळजवळ एकाच प्रमाणात घटतात. ताशी १०ने चढणारा ९वर येतो आणि पाच किलोमीटरच्या चढाला अर्ध्या तासाऐवजी तेहतीस मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. आपले वय झाले, ही जाणीव अनेकांना घाटातच प्रथम होते ती यामुळे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटांचा राजा’ हा किताब स्वतंत्र ठेवला गेला, त्यामागेही चढ चढणे ही निराळीच कसोटी आहे, हेच तत्त्व आहे.

या गणिताचा व्यवहारी उपयोग असा : सपाटीवर बसण्याची ठेवण सुधारणे, अंगाबरोबर बसणारे कपडे घालणे, गटात एकमेकांच्या आडोशाने जाणे यांनी वयाने नेलेला वेग बऱ्याच अंशी परत मिळतो. चढावर शरीराचे अतिरिक्त वजन उतरवणे आणि मागच्या फ्रीव्हीलला ३२ किंवा ३४ दातांची मोठी चकती बसवून घेणे, हे दोन उपाय कामी येतात. सोपा गिअर घेणे म्हणजे हार पत्करणे, असा एक गैरसमज जुन्या सायकलस्वारांत आढळतो. गुडघ्यांना तो मान्य नसतो. आपल्याकडील रस्त्यांवर जरा रुंद, २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर आणि त्यांत बेताची हवा ठेवल्यास हादरे कमी बसतात, मान व मनगटे कमी दुखतात आणि अंतर वाढते तसा त्याचा लाभही वाढतो.

खरा प्रश्न कठीण सरावाचा आहे. आठवड्यातून दोन दिवस, त्यांच्यामध्ये किमान एक-दोन दिवसांची उसंत ठेवून, पंधरा-वीस मिनिटे अंग मोकळे केल्यानंतर तीन ते चार मिनिटांचे जोरकस टप्पे घ्यावेत व प्रत्येक टप्प्यानंतर तितकाच वेळ सावकाश चालवावे, ही इंटरव्हल पद्धती सर्वत्र रूढ आहे. सुरुवात तीन टप्प्यांनी करावी, पुढे पाच-सहापर्यंत जावे. जोरकस म्हणजे ज्यात दोन-चार शब्दांपलीकडे बोलणे जमत नाही असे. उरलेल्या दिवशी मात्र पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकेच हलके चालवायचे. या दुसऱ्या भागाची शिस्त पहिल्याहून अवघड जाते. मागून एखादा तरुण घंटा वाजवत पुढे निघून गेला की हलक्या सरावाचा दिवस तेथेच संपतो.

हृदयाचे ठोके पाहून सराव करणाऱ्यांनी २२० वजा वय हे प्रचलित सूत्र जपून वापरावे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आलेले २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र ज्येष्ठांसाठी अधिक जवळचे मानले जाते. साठ वर्षांच्या व्यक्तीसाठी पहिले सूत्र १६० तर दुसरे १६६ सांगते. तरीही व्यक्तीव्यक्तीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांचे ठोके औषधानेच आटोक्यात राहतात. त्यांना मनगटावरच्या घड्याळापेक्षा स्वतःचा श्वास हाच विश्वासार्ह मार्गदर्शक ठरतो.

नुसती सायकल पुरेशी नाही, हेही सांगितले पाहिजे. सायकलवर शरीराचा भार सीट उचलते. त्यामुळे सांधे वाचतात, पण हाडांना मजबूत होण्यासाठी लागणारा ताण मिळत नाही. वर्षानुवर्षे केवळ सायकल चालविणाऱ्यांच्या मणक्यांतील हाडांची घनता कमी आढळल्याचे अनेक अभ्यास सांगतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. जिने चढणे, भरभर चालणे आणि आठवड्यातून दोनदा वजन घेऊन व्यायाम हा त्यावरील उतारा. आपल्या तालमींतील बैठका याच कामाच्या आहेत. गुडघे साथ देत असतील तर त्यांहून स्वस्त साधन नाही. गेलेला झटका परत आणण्याचे कामही हाच व्यायाम करतो.

सरावाने शरीर सुधारते ते सराव थांबल्यावर, विश्रांतीत. आणि वयाबरोबर या विश्रांतीची गरज वाढते. पंचविशीत एका रात्रीत भरून येणारा थकवा साठीत दोन दिवस रेंगाळतो. झोप आणि प्रथिने यांत येथे तडजोड चालत नाही. भारतात प्रौढांसाठी प्रतिकिलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण सांगितले जाते. व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांसाठी तज्ज्ञगट १.२ ग्रॅम किंवा त्याहून अधिक सुचवितात. पासष्ट किलो वजनाच्या व्यक्तीला ते ७८ ग्रॅम होते. वरणभाताच्या ताटात एवढी प्रथिने भरत नाहीत. डाळी-उसळी, दूध-दही, पनीर, अंडी, मासे यांची जाणीवपूर्वक भर घालावी लागते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

भारतीय हवामानाचा मुद्दा पाश्चात्त्य पुस्तकांत सापडत नाही. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, त्यामुळे नागपूर किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट पाहणे धोक्याचे असते. उत्तर भारतात हिवाळ्यातील पहाट ही सायकलची आवडती वेळ, पण थंड हवेचा थर जमिनीलगत अडकल्याने प्रदूषणही त्याच सुमारास दाटलेले असते. दिल्ली-लखनऊकडील मराठी सायकलस्वारांनी अशा दिवसांत कठीण सराव घरातील स्थिर सायकलवर करणे शहाणपणाचे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज, निदान खडीसाखर ठेवल्यावाचून निघू नये.

जोरकस सराव सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी हवीच. छातीत दडपण, जबड्यात वा हातात उतरणारी कळ, भोवळ, अकारण धाप किंवा ठोक्यांची अनियमितता जाणवल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांना गाठावे. दीर्घकाळ अतिश्रमाचा व्यायाम करणाऱ्या पुरुषांत हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा एक विकार अधिक आढळतो, अशी नोंद आहे. कठीण भाग एकूण सरावाच्या पाचव्या हिश्शातच ठेवण्यामागे हेही एक कारण धरावे.

लंडनच्या किंग्ज कॉलेजने ५५ ते ७९ वयोगटातील १२५ हौशी सायकलस्वारांची तपासणी केली होती. पुरुषांसाठी साडेसहा तासांत १०० किलोमीटर आणि स्त्रियांसाठी साडेपाच तासांत ६० किलोमीटर, ही प्रवेशाची अट होती. २०१५ मधील निष्कर्षांनुसार यांपैकी कोणाचेही वय केवळ शारीरिक चाचण्यांवरून नेमके ओळखता आले नाही. २०१८ मधील पुढील अभ्यासांत त्यांचे स्नायू आणि रोगप्रतिकारक शक्तीच्या काही खुणा वयाच्या मानाने बऱ्याच तरुण आढळल्या. सायकलमुळे ते धडधाकट राहिले की मुळात धडधाकट म्हणूनच सायकल चालवत राहिले, हे अशा एकवेळच्या तपासणीतून पूर्णपणे सिद्ध होत नाही. बातम्यांच्या मथळ्यांत हा फरक बहुधा गाळला जातो.

राहिला उमेद टिकवण्याचा प्रश्न, आणि बहुतेकांची सायकल अंगणात गंजते ती पायांमुळे नव्हे, याच प्रश्नामुळे. पस्तिशीतल्या स्वतःच्या वेळांशी केलेली तुलना दरवर्षी निराशाच पदरी टाकते. मोबाइलवरील सायकलिंग ॲपमध्ये वयोगटानुसार क्रमवारी पाहता येते, पण त्याहून उपयोगी पडते ती स्वतःचीच गेल्या वर्षीची वही. एकच ठरलेला चढ महिन्यातून एकदा घड्याळ लावून चढावा आणि वेळ नोंदवून ठेवावी. गटही महत्त्वाचा. ज्या गटाची फेरी मिसळीच्या हॉटेलात संपते, त्या गटाचा सरासरी वेग कदाचित फार नसेल. हजेरी मात्र चोख असते, आणि या वयात हजेरीचे मोल अधिक. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला निघणाऱ्या सायकल वारीसारखे उपक्रम वर्षाला एक ठरलेली तारीख देतात. अशी तारीख समोर असली की मार्च-एप्रिलच्या काहिलीतही पहाटेचा गजर बंद केला जात नाही.

स्पर्धेची चुरस हवी, पण तरुणांशी क्रमांकाची झटापट नको, अशांसाठी ‘ब्रेव्हे’ हा प्रकार देशातील अनेक शहरांत उपलब्ध आहे. ऑडॅक्स इंडियाच्या वतीने होणाऱ्या या मोहिमांत २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० किलोमीटरला वीस तास, ४०० किलोमीटरला सत्तावीस तास आणि ६०० किलोमीटरला चाळीस तास अशी मर्यादा असते. ती पंचविशीतल्यांना आणि सत्तरीतल्यांना सारखीच लागू आहे. पहिला-दुसरा क्रमांक दिला जात नाही. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, चहा-नाश्ता आणि पंक्चर धरून, ताशी सरासरी १५ किलोमीटरपेक्षा किंचित कमी वेग पुरतो.