काळीचे मोजमाप, पांढरीचा पंचनामा

मराठी मुलखात गाव दोन ठिकाणी नांदते: काळीत आणि पांढरीत. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. सरकारदरबारी या दोघींना कधीच सारखी वागणूक मिळाली नाही, आणि खेड्यातले घर विम्याच्याही बाहेर आणि बांधकामाच्या नियमांच्याही बाहेर का राहिले, याचे उत्तर मला या दुजाभावात दिसते. १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची जमीन पाहणी सुरू केली. पुढे तीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, बांधावर हद्दीचे दगड रोवले गेले, मातीची खोली आणि पोत पाहून प्रतवारी ठरली, आकार बसला. एवढी चिकित्सा शेताची झाली. गावठाण मात्र नकाशावर एका आखलेल्या रेघेच्या आत कोरेच राहिले. आत कोणाचे घर कुठे संपते आणि शेजाऱ्याचे कुठे सुरू होते, हे सरकारला जाणून घ्यायचे नव्हते, कारण तिथून शेतसारा येणार नव्हता. मोठ्या गावांतल्या गावठाणांचे नगर भूमापन पुढे झाले, पण लहान गावे तशीच राहिली. तिथल्या घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद. तोही बहुधा आजोबांच्या नावावर, आणि घरात नांदणारे तिघे भाऊ. करआकारणीची नोंद हा मालकीचा पुरावा नव्हे, असे न्यायालये सांगत आली आहेत. तरी गावाकडे त्याच कागदावर घरे विकली जातात, वाटण्या होतात, भांडणेही होतात.

या कोऱ्या जागेत बांधकामाचा कायदा मुळीच नव्हता असे नाही. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार गावात घर बांधायला किंवा पाडून पुन्हा उभारायला पंचायतीची परवानगी लागे. पण ही परवानगी व्यवहारात कशाची होती? रस्त्यावर अतिक्रमण होऊ नये, सांडपाणी दुसऱ्याच्या दारात जाऊ नये, घरपट्टी लागू व्हावी, एवढ्यापुरती. भिंत किती उंच चालेल, दगडाला दगड कसा बांधावा, छतावर किती माती पेलेल, हे सांगणारा किंवा तपासणारा माणूस ग्रामपंचायतीकडे नव्हता. ते ज्ञान गवंड्याच्या आणि सुताराच्या हातात होते. ते हात जोवर परंपरेत घट्ट होते तोवर सरकारची उणीव कोणाला जाणवली नाही.

ती जाणवली ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. सुमारे ६.२ तीव्रतेचा धक्का, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरीही लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. ती मारली भिंतींनी. मराठवाड्याचे माळवदाचे घर उन्हाळ्यात थंडगार राहते, कारण त्याची दगडी भिंत दोन-अडीच फुटांची, कुठे कुठे तर चार फुटांहून जाड असते आणि वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. मात्र ही जाडी फसवी होती. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधल्या पोकळीत चिपा आणि चिखल. दोन्ही तोंडांना शिवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. धक्क्यासरशी दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि दर पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी घातलेल्या मातीचे ओझे खाली आले. अनेक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि त्याला वेढणारी भिंत मात्र ढासळली. म्हणजे सुताराची विद्या टिकली होती, गवंड्याची झिजली होती. शास्त्रालाही यात फार मान वर करायला जागा नव्हती. तेव्हाच्या भूकंप नकाशात लातूर सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होते. १९६७ साली कोयनेला धक्का बसला तेव्हाही कोयनेचा भाग नकाशाच्या लेखी कमी धोक्याचा होता. आपल्याकडे नकाशा भूकंपानंतर बदलतो. मातीच्या आणि कच्च्या दगडी घरांसाठी भारतीय मानक संस्थेच्या मार्गदर्शिकाही १९९३ सालच्याच. त्यांत आरपार दगड, कोपऱ्यांची बांधणी, भिंतीला कंबरपट्ट्यासारखा आडवा पट्टा असे सगळे आहे. पण गावठाणात त्यांची सक्ती करणारी यंत्रणा नव्हती, म्हणून त्या मार्गदर्शिकाच राहिल्या.

आता विम्याकडे. १९७३ साली सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. शंभरावर कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. आगीच्या विम्याचे दर देशभर एकाच दरपत्रकाने ठरत. त्यात गवत, बांबू, पाने, फळ्या यांच्या भिंती वा छपरे असलेल्या घराला ‘कच्चे’ म्हणून वेगळा, चढा दर होता, आणि भूकंपाचे संरक्षण जादा पैसे मोजून घ्यावे लागे. हे दरपत्रक जाऊन २००७पासून दर मोकळे झाले. गरिबांसाठी मधल्या काळात एक प्रयोग झाला: १ मे १९८८पासून केंद्र सरकारची झोपडी विमा योजना. वार्षिक उत्पन्न ४,८०० रुपयांपर्यंत असलेल्या ग्रामीण कुटुंबाची झोपडी आगीत गेली तर झोपडीचे १,००० आणि आतल्या सामानाचे ५०० रुपये, हप्ता सरकारचा. कल्पना चांगली होती, पण आगीपुरतीच. पूर आणि धरणीकंप तिच्या खिजगणतीत नव्हते.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की खेड्यातला माणूसच विमा घेत नाही. तो दैवावर हवाला ठेवतो, किंवा हप्ता त्याला परवडत नाही. या आक्षेपाला शेतीच्याच इतिहासाने उत्तर दिले आहे. पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी सत्तरच्या दशकात मांडले की एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजत बसू नका, संपूर्ण क्षेत्राचे सरासरी उत्पन्न पाहा आणि भरपाई द्या. त्याच पायावर १९७९मध्ये प्रायोगिक योजना आली. १९८५च्या सर्वंकष पीक विम्यात पीककर्ज घेणाऱ्याला विमा आपोआप लागू झाला. ज्याला आपण दैववादी म्हणतो त्याच माणसाचे ज्वारीचे पीक विम्यात आले आणि ज्या घरात ती ज्वारी साठायची ते घर बाहेर राहिले. फरक माणसात नव्हता, कागदात होता. काळीला सातबारा होता, म्हणून कर्ज होते, आणि कर्जाच्या मागे विमा आला. शहरातल्या घरकर्जाचेही हेच. पांढरीला मिळकत पत्रिका, म्हणजे घराच्या जागेचा मोजणीनंतरचा अधिकृत उतारा, नव्हती म्हणून बँक ते घर तारण घेईना, आणि तारणच नाही तिथे विमा मागणार कोण?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गावात भावकी होती, शेजार होता. एखाद्याचे घर जळाले तर लाकूड कोणी दिले, गवत कोणी दिले, सुतार-लोहार बलुत्यावर राबले आणि घर उभे राहिले. हा विमाच होता, फक्त त्याची पावती नव्हती. मला हे मान्य आहे, आणि त्याची थट्टा करणाऱ्यांना गाव कळलेले नाही असेही मी म्हणेन. पण या व्यवस्थेला एक अट होती: एका वेळी एकच घर पडले पाहिजे. किल्लारीत देणारा आणि घेणारा एकाच ढिगाऱ्याखाली होते. अशा वेळी धोका गावाबाहेर, दूरवर वाटला गेलेला असावा लागतो, आणि ते काम शेवटी सरकारने केले. जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावे नव्या जागी वसली आणि दुसरीकडे लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्ती-मजबुतीचा कार्यक्रम राबवला गेला. तिथे एक गोष्ट पाहण्यासारखी घडली. जुनी भिंत मजबूत करायला मिळालेल्या पैशांतून अनेकांनी ती भिंत तशीच सोडली आणि शेजारी सिमेंटची एक खोली बांधली. भीतीने दगडावरचा विश्वास उडाला होता. त्यांना दोष देता येत नाही. पण पाणी न मारलेल्या सिमेंटची आणि अंदाजाने टाकलेल्या सळईची खोली माळवदाहून सुरक्षित असतेच असे नाही.

सरकार मदत करतेच, मग विमा कशाला, हे त्यापुढचे म्हणणे. ही मदत म्हणजे तलाठ्याचा पंचनामा. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये ठरले होते, मग घर कच्चे असो वा पक्के. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००. या रकमेत दोन खोल्यांचा पाया आणि भिंती कुठवर जातात ते कोणताही गवंडी सांगेल. १ एप्रिल २०२१पासून विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी देणे बंधनकारक झाले. तिच्यात आगीबरोबर भूकंप, पूर, दरड हे सगळे येते, आणि घराची किंमत चटई क्षेत्राला बांधकामाच्या चालू दराने गुणून निघते. जुन्या दरपत्रकापेक्षा ही फार मोठी सुधारणा आहे. कागदाची बाजूही हलली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २०२०मध्ये ‘स्वामित्व’ या नावाने केंद्राने तो देशभर नेला. विंगेटनंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी पांढरीच्या आत रेघा पडू लागल्या. मिळकत पत्रिका हातात आली की कर्ज मिळेल, कर्जामागून विमाही येईल, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र त्या पत्रिकेवर धारकाचे नाव येते, चौरस मीटरमध्ये क्षेत्र येते. भिंतीत आरपार दगड आहे की नाही, याला तिच्यात रकाना नाही.