‘स्लूथ’ : मोडलेला खेळ आणि उरलेले दोघे

लंडनच्या सेंट मार्टिन्स थिएटरात १९७० च्या फेब्रुवारीत अँथनी शाफर यांचे ‘स्लूथ’ हे नाटक आले, तेव्हा प्रेक्षकांच्या हाती पडणाऱ्या पत्रिकेत पोलीस इन्स्पेक्टर डॉप्लर आणि त्याचे सहकारी यांच्या भूमिका करणाऱ्या नटांची नावे रीतसर छापलेली होती. ते नट अस्तित्वातच नव्हते. दोनच माणसांच्या या नाटकाची फसवणूक अशी पडदा उघडण्यापूर्वीच सुरू होत असे. या नाटकाच्या दोन चित्रपटरूपांविषयी लिहायचे, तर त्याचे रहस्य झाकून ठेवणे शक्य नाही. ज्यांना ते अबाधित हवे आहे, त्यांनी हा मजकूर इथेच सोडावा हे बरे.

अँड्र्यू वाईक हा खानदानी, श्रीमंत रहस्यकथालेखक. जुनी हवेली, बुद्धिमान हौशी हेर आणि बावळट पोलीस अशा घाटाच्या कथा तो लिहितो. त्याच्या पत्नीचा प्रियकर मायलो टिंडल हा इटालियन स्थलांतरिताचा मुलगा. वाईक त्याला घरी बोलावतो आणि सुचवतो, की माझ्याच घरातले दागिने तू चोर, विम्याचे पैसे मी घेईन आणि तुझ्या संसाराचीही सोय होईल. मायलोला तो विदूषकाचा वेश चढवायला लावतो, घर फोडायला लावतो आणि अखेर त्याच्यावर पिस्तूल रोखतो. गोळी खोटी असते. मायलोने भोगलेली मरणभीती मात्र खरी असते. दोन दिवसांनी खुनाचा तपास करायला डॉप्लर येतो आणि वाईकला घाम फोडतो. हा डॉप्लर म्हणजे वेशांतर केलेला मायलोच. त्यानंतर तिसरा डाव. वाईकच्या प्रेयसीचा मी खरोखरच खून केला आहे, पुरावे याच खोलीत दडवले आहेत, पोलीस पोचण्यापूर्वी शोधून काढ, असे मायलो सांगतो. रहस्यकथालेखक स्वतःच्याच दिवाणखान्यात गुडघ्यांवर रांगत कोडी सोडवू लागतो.

शाफर यांचा नेम कशावर होता, हे या तिसऱ्या डावात नेमके कळते. ज्या वाङ्मयप्रकारात प्रेत हे केवळ कोड्याचे निमित्त असते आणि नोकरचाकर, परदेशी, खालच्या वर्गातले लोक केवळ संशयित म्हणून येतात, त्या प्रकाराची आणि तो आवडीने वाचणाऱ्या वर्गाची ही हजेरी आहे. शाफर यांनी आपले जुळे बंधू पीटर (‘इक्वस’ आणि ‘अमेडियस’चे नाटककार) यांच्यासह टोपणनावाने अशा कादंबऱ्या स्वतः लिहिल्या होत्या. त्यामुळे विडंबनात जिव्हाळाही आहे, आणि तोच त्याला धार देतो.

१९७२ चा चित्रपट जोसेफ मँकिविच यांनी दिग्दर्शित केला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट. पटकथा शाफर यांचीच. श्रेयनामावलीतली खोटी नावे मँकिविच यांनी कायम ठेवली. वाईकच्या कधीच न दिसणाऱ्या पत्नीच्या भूमिकेसमोर तर ‘ईव्ह चॅनिंग’ असे नाव घातले. त्यांच्याच ‘ऑल अबाउट ईव्ह’मधल्या दोन प्रतिस्पर्धी नट्यांच्या नावांची ही गंमतशीर सांधेजोड. नाटक पडद्यावर आणताना त्याला घराबाहेर काढायचे, हा दिग्दर्शकांचा नेहमीचा मोह असतो. मँकिविच यांनी उलट ते केन ॲडम यांच्या नेपथ्यात, यांत्रिक बाहुल्यांनी आणि खेळण्यांनी भरलेल्या खोल्यांत, अधिकच कोंडले. कॅमेरा मध्येच त्या बाहुल्यांकडे वळतो. रंगभूमीवर प्रेक्षक असतात, इथे त्यांच्या जागी या बाहुल्या बसल्या आहेत.

आणि पात्रयोजना! वाईक म्हणजे लॉरेन्स ऑलिव्हिए, १९७० सालीच लॉर्ड झालेले. मायलो म्हणजे मायकेल केन, मासळीबाजारातल्या हमालाचा मुलगा. नाटकातला मायलो प्रवासव्यवसायात आहे. चित्रपटात तो केशकर्तनालये चालवतो, म्हणजे वाईकच्या तुच्छतेला आणखी एक निमित्त. लॉर्डसाहेबांना हाक कशी मारावी या विवंचनेत आपण असताना ऑलिव्हिएंनीच पत्र पाठवून ‘लॅरी’ म्हणण्याची मुभा दिली, अशी आठवण केन यांनी सांगितली आहे. पटकथेतला वर्गभेद चित्रीकरणाच्या जागी आधीच हजर होता, असे म्हणायला हरकत नसावी. ऑस्करसाठी दोघांनाही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे नामांकन मिळाले.

पस्तीस वर्षांनी, २००७ साली, केनेथ ब्रॅना यांनी हाच चित्रपट पुन्हा केला. निर्माते आणि नवे मायलो ज्यूड लॉ, पटकथा हॅरॉल्ड पिंटर यांची, आणि वाईक म्हणून मायकेल केन. तरुण ब्रॅना यांनी ऑलिव्हिएंच्या मागोमाग ‘हेन्री द फिफ्थ’ केला होता. लॉ यांनी केन यांचा ‘अल्फी’ २००४ मध्ये नव्याने साकारला होता. वारसाहक्काची इतकी गुंतागुंत एका चित्रपटात क्वचितच सापडेल.

पिंटर यांनी सव्वादोन तासांहून मोठा ऐवज दीड तासाच्या आत आणला. घर बाहेरून जुनेच राहिले. आत मात्र काँक्रीट, काच, टेहळणीचे कॅमेरे आणि दूरनियंत्रकावर चालणाऱ्या भिंती आल्या. बाहुल्या गेल्या. विदूषकाचा वेश गेला. मायलो बेकार नट झाला. मुख्य म्हणजे तिसरा डावच गेला: पुराव्यांचा शोध नाही, कोडी नाहीत. त्याऐवजी वाईक मायलोला आपल्यापाशीच राहण्याची गळ घालतो. दोन पुरुषांमधली सत्ता, आकर्षण आणि जागेवरचा हक्क हा पिंटर यांचा जुना प्रांत. ‘द सर्व्हंट’ची त्यांची १९६३ ची पटकथा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वळण अनपेक्षित वाटणार नाही.

समीक्षकांनी हा चित्रपट बहुतांशी नाकारला. कारणे पुष्कळ देता येतील. माझ्या मते मुख्य कारण घरात नव्हे, खेळात आहे. रहस्यकथेचे वेड हेच पहिल्या वाईकच्या क्रौर्याचे व्याकरण होते. पिंटर यांनी ते काढून टाकले, म्हणून अपमान उरला पण त्याची रीत उरली नाही. शिवाय वेशांतराची युक्ती एकदाच चालते. दुसऱ्या वेळी इन्स्पेक्टर दारात येतो तेव्हा तो कोण आहे हे प्रेक्षकाला ठाऊकच असते. पिंटर यांना हे कळले असावे, कारण ते रहस्य लपवण्यासाठी फारशी धडपड करत नाहीत. पण मग पहिल्या दोन डावांचा सांगाडा तरी का ठेवला? तो टाकून सरळ पिंटरचे नाटक लिहिले असते, तर कदाचित अधिक प्रामाणिक झाले असते.

तरीही हा चित्रपट मी टाकाऊ मानत नाही, आणि याला कारण केन. एकेकाळी पायऱ्यांवर जिवाची भीक मागणारा मायलो आता त्या घराचा मालक होऊन समोरच्या तरुणाला खेळवतो आहे. त्यांच्या वाईकमध्ये ऑलिव्हिएंचा उमरावी थाट नाही. पैसा आहे, हुकमत आहे आणि जे मिळवले ते पुरेसे नाही अशी एक थंड अस्वस्थता आहे. हा अर्थ पटकथेत लिहिलेला नाही, तो नटाच्या गतायुष्यातून येतो. आधीचा चित्रपट पाहिलेल्यालाच तो दिसतो.

१९७२ च्या शेवटी मरता मरता मायलो वाईकला बजावतो, की पोलिसांना सांग, हा निव्वळ खेळ होता. यांत्रिक खलाशी खदखदून हसत राहतो आणि बाहेर खरेखुरे पोलीस येऊन ठेपतात. २००७ मध्ये पोलीस नाहीत. मायलो कोसळतो आणि पत्नीची गाडी घरासमोर येते.

शाफर यांनी ज्या रहस्यनाट्याला मरणपंथाला लागलेले समजून टपली मारली, ते काही मेले नाही. अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ १९७४ साली सेंट मार्टिन्समध्येच मुक्कामाला आले, आणि महासाथीतला खंड सोडला तर अजून तिथेच चालू आहे.