स्पूनर ओल्डहॅमचे मोजके सूर

ॲरेथा फ्रँकलिनचं 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन (द वे आय लव्ह यू)' हे गाणं हेडफोन लावून ऐका. तिचा आवाज यायच्या आधी एक इलेक्ट्रिक पियानो सुरू होतो. सूर मोजकेच आहेत, जरा खरखरीत. रात्री उशिरा घरी आलेल्या माणसाने दाराशी घुटमळावं, तशी त्यांची चाल आहे. मग ॲरेथा गायला लागते आणि आपण त्या पियानोला विसरून जातो. पण त्या दिवशी ते सूर सापडले नसते, तर हे गाणं रेकॉर्ड झालं असतं की नाही, हीच शंका आहे.

ते वाजवणाऱ्याचं नाव स्पूनर ओल्डहॅम. पाळण्यातलं नाव ड्यूई लिंडन. जन्म १९४३ सालचा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या सेंटर स्टार नावाच्या खेड्यातला. लहानपणी चमचा लागून त्याचा एक डोळा गेला. पोरांनी त्यावरून 'स्पूनर' नाव पाडलं आणि तेच जन्मभर चिकटलं.

खेड्याजवळच टेनेसी नदीच्या काठी मसल शोल्स नावाचं गाव आहे. तिथे रिक हॉल या माणसाने 'फेम' नावाचा स्टुडिओ उभारला होता. न्यूयॉर्क, शिकागो किंवा डेट्रॉईटशी तुलनाच नको, इतकी आडबाजूची जागा. वाजवणारी मुलं आसपासचीच, आणि सगळी गोरी. रेडिओवर कृष्णवर्णीयांचं संगीत ऐकत ती मोठी झालेली. ज्या राज्यात १९६५ साली मतदानाचा हक्क मागत सेल्माच्या पुलावरून निघालेल्या माणसांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्याच राज्यातली ही गोष्ट आहे. स्टुडिओच्या आत मात्र एक वेगळा व्यवहार चालू होता. कृष्णवर्णीय गायक यायचे आणि गोरी पोरं त्यांना साथ करायची. रेकॉर्ड ऐकणाऱ्या कित्येकांना वाटायचं की वाजवणारेही कृष्णवर्णीयच आहेत.

स्पूनरची पहिली मोठी खूण उमटली १९६६ साली, 'व्हेन अ मॅन लव्ज अ वुमन' या गाण्यात. गायक पर्सी स्लेज शेजारच्या शेफील्डमधल्या रुग्णालयात वॉर्डबॉयचं काम करायचा. गाण्याच्या सुरुवातीला ऑर्गन ऐकू येतो. तो फारफिसा कंपनीचा, एकेक पायरी उतरल्यासारखा खाली येणारा. वाजवणारा स्पूनर. देवळात किंवा चर्चमध्ये पाऊल टाकताना आपण नकळत आवाज खाली आणतो, तेच काम हा ऑर्गन करतो. पर्सी ओरडून गातो ते आपल्याला आक्रस्ताळं वाटत नाही, कारण खालची जमीन शांत आहे. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

आता २४ जानेवारी १९६७. ॲरेथा फेम स्टुडिओत आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. कोलंबिया कंपनीत सहा वर्षं काढूनही तिला तिचा सूर सापडला नव्हता. ॲटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरने तिला करारबद्ध करून इथे आणलं. पियानोवर बसायचं होतं स्पूनरला, कामच त्याला तसं दिलेलं. पण ॲरेथा स्वतः पियानोवर बसून गायला लागली आणि स्पूनरने जागा सोडली. पियानो तिलाच वाजवू द्या, मी इलेक्ट्रिक पियानोवर बसतो, असं त्यानेच सुचवलं. मिळालेली खुर्ची आपण होऊन सोडणं ही वादकासाठी सोपी गोष्ट नसते. त्या दिवशीचा हा पहिला शहाणपणा.

तरीही गाणं जमेना. रॉनी शॅननने लिहिलेलं ते गाणं कुठून धरायचं, कोणत्या चालीने पुढे न्यायचं, कुणालाच सुचत नव्हतं. अखेर स्पूनरच्या बोटांना ती घुटमळती सुरावट सापडली. ड्रम, बास, गिटार एकेक करत तिच्या मागे आले आणि रखडलेलं गाणं बघता बघता उभं राहिलं.

हे वुर्लित्झर नावाचं वाद्य समजून घेण्यासारखं आहे. आपल्या पेटीत धातूच्या पट्ट्या हवेने कंप पावतात. वुर्लित्झरमध्ये पोलादी पट्टीवर छोटी हातोडी पडते आणि तिचा कंप विजेने मोठा केला जातो. हलक्या हाताने वाजवलं तर घंटीसारखा गोड आवाज येतो, जोर दिला की तोच आवाज गुरगुरायला लागतो. म्हणजे बोटांचा दाब हीच इथे खरी भाषा. ॲरेथाचा पियानो गाण्याला पुढे ढकलतो. स्पूनर मात्र तिच्या ओळीच्या मध्ये बोलत नाही, ओळ संपली की हुंकार भरल्यासारखे दोन सूर टाकतो. आपल्याकडे चांगल्या पेटीवाल्याची ओळख तो किती वाजवतो यावरून नव्हे, तर गायकाची जागा कशी राखतो यावरून होते. ती कसोटी इथेही लावून बघा.

त्या दिवसाचा शेवट मात्र वाईट झाला. वादकांमध्ये काही कृष्णवर्णीय असावेत असं वेक्सलरला वाटत होतं. प्रत्यक्षात झाडून सगळे गोरे होते. दारूही होती. एक ट्रम्पेटवाला आणि ॲरेथाचा नवरा टेड व्हाइट यांच्यात खटका उडाला, रात्री हॉटेलात रिक हॉलशी भांडण झालं आणि ॲरेथा निघून गेली. हाती राहिलं एक पूर्ण गाणं आणि एक अर्धवट. स्टुडिओच्या दाराआड वर्णभेद विरघळून गेला होता, ही कहाणी ऐकायला गोड आहे, पण पूर्ण खरी नाही. संगीत एका दिवसापुरतं जमलं, बाहेरचं जग त्याच रात्री आत आलं. वेक्सलरने मग तीच पोरं न्यूयॉर्कला बोलावली. 'रिस्पेक्ट' तिथे झालं आणि त्यातही स्पूनर आहे.

'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन' या गाण्याचा कर्ता म्हणून एकच नाव लागतं, रॉनी शॅननचं. शब्द आणि चाल त्याची, त्यामुळे कायद्याने ते बरोबरच आहे. पण ज्या सुरावटीवरून आपण हे गाणं पहिल्या क्षणी ओळखतो, ती शोधणाऱ्याला मिळाली ती त्या सेशनची मजुरी. अमेरिकेत आजही साध्या एफएम रेडिओवर गाणं लागलं की रचनाकाराला पैसे मिळतात. गायकाला नाही, वादकाला तर नाहीच. मुंबईच्या सिनेसंगीतातही असंच होतं. 'रूप तेरा मस्ताना'मधला ॲकॉर्डियन सगळ्यांच्या कानात आहे, तो वाजवणाऱ्या केर्सी लॉर्ड यांचं नाव किती जणांना ठाऊक असतं?

गंमत म्हणजे स्पूनर या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना होता. डॅन पेन या मित्राबरोबर त्याने गाणी लिहिली. १९६६चं 'आय ॲम युवर पपेट' आणि १९६८चं 'क्राय लाइक अ बेबी' ही त्यातली गाजलेली. बोटं तीच, पण तिथे तो मालक ठरला आणि ॲरेथाच्या गाण्यात रोजंदारीवरचा. निर्मिती कुठे संपते आणि साथ कुठे सुरू होते, ही रेघ कागदावर जितकी सरळ दिसते तितकी ती स्टुडिओत नसते.

पुढे तो मेम्फिसला आणि तिथून लॉस एंजेलिसला गेला. बॉब डिलनच्या १९८०च्या 'सेव्ह्ड'मध्ये तो आहे, नील यंगच्या १९९२च्या 'हार्वेस्ट मून'मध्येही आहे. २००९ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं, तेही साथीदारांसाठी असलेल्या विभागात.

स्पूनरला नीट ऐकायचं असेल तर १९९९ सालचा 'मोमेंट्स फ्रॉम धिस थिएटर' हा अल्बम शोधा. मंचावर दोनच माणसं, डॅन पेनची गिटार आणि स्पूनरचा इलेक्ट्रिक पियानो. ड्रम नाहीत, बास नाही. दोन ओळींच्या मध्ये तो किती वेळ थांबतो, तेवढं ऐका. मग पुन्हा ॲरेथाकडे जा. या वेळी तिचा आवाज सुरू झाल्यावरही पियानो हरवणार नाही.