एका मोठ्या कुलपाची गोष्ट

पेढीवरचे जुने मुनीम दोन वह्या ठेवत. व्यवहार घडेल तसा आधी रोजकीर्दीत उतरवायचा आणि मग सवडीने खतावणीत खातेवार चढवायचा. खतावणी लिहिताना मध्येच उठावे लागले तरी बिघडत नसे. रोजकीर्द उघडून राहिलेले पुरे करता येई. संगणकाच्या डिस्कवर फायलींची व्यवस्था ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमने हीच युक्ती उचलली. इंग्रजीत तिला 'जर्नल' म्हणतात, आणि हा शब्दही हिशेबनिशीतलाच आहे.

लिनक्स प्रणालीत ही रोजकीर्द जरा उशिरा आली. आयबीएमच्या एआयएक्समध्ये ती १९९० सालीच होती. लिनक्सची ईएक्सटी-२ ही फाइल सिस्टिम मात्र नुसत्या खतावणीवर चालत असे. अचानक वीज गेली, की पुढच्या वेळी संगणक सगळी डिस्क तपासत बसे. मोठ्या डिस्कला बराच वेळ लागे आणि तोवर काम बंद. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये ईएक्सटी-२ला जर्नल जोडण्याची योजना मांडली. तिच्यातून ईएक्सटी-३ झाली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये ती लिनक्सच्या मूळ गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, दाखल झाली.

वीज गेल्यावरची भीती गेली. पण एक दुसरीच अडचण आत दडून होती, आणि तिचे मूळ १९९६ मधले होते.

त्या वर्षी लिनक्सची २.० ही आवृत्ती आली आणि एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर ती चालू लागली. दोन प्रोसेसरांनी एकाच क्षणी एकच नोंद बदलली तर हिशेब बिघडणार. त्यावर सर्वांत सोपा उपाय केला गेला: अख्ख्या कर्नेलला एकच कुलूप. 'बिग कर्नेल लॉक' हे त्याचे नाव. ज्याच्या हाती किल्ली, त्यानेच आत जायचे. बाकीचे दाराशी. तेही स्वस्थ बसत नाहीत बरे का. 'उघडले का, उघडले का' असे अखंड विचारत प्रोसेसर आपली शक्ती फुकट घालवतो. यंत्रात दोन प्रोसेसर असताना हे खपून जाई. आठ-सोळा झाल्यावर दाराशी रांगच लागली. ईएक्सटी-३चे जर्नल याच कुलपावर विसंबून होते. सुरक्षिततेसाठी आणलेली वहीच अशी कामाची गती अडवू लागली.

मग ते मोठे कुलूप काढून लहान लहान कुलपे का लावली नाहीत? इथेच खरी मेख होती. हे कुलूप विचित्र होते. एकदा घेतलेले पुन्हा घेता येई, आणि घेणारे काम मध्येच थांबले की ते आपोआप सुटे. त्यामुळे ते नेमके कशाचे रक्षण करते आहे, हे कोडमध्ये स्पष्ट लिहिलेलेच नव्हते. ओळ न् ओळ वाचून ते शोधावे लागणार होते. माझ्या मते या इतिहासातले खरे कष्टाचे काम हेच. चूक झाली तर ती लगेच दिसणार नाही; एखाद्या दिवशी कुणाची तरी फाइल निमूटपणे बिघडलेली सापडेल.

२००३ मध्ये ॲलेक्स टॉमस आणि अँड्र्यू मॉर्टन यांनी हे काम पार पाडले. ईएक्सटी-३ची डिस्क मुळातच गटांत विभागलेली असते. साधारणपणे एक गट १२८ मेगाबाइटांचा. रिकामी जागा देताना पूर्वी सगळ्या फाइल सिस्टिमला कुलूप लागे, आता ज्या-त्या गटाला स्वतःचे मिळाले. किती जागा शिल्लक आहे हा आकडा तर प्रत्येक प्रोसेसर आपल्यापुरता जपू लागला. बेरीज लागेल तेव्हा. जर्नलची स्थिती, त्यातल्या याद्या, डिस्कचा एकेक तुकडा, यांना वेगवेगळी कुलपे आली. पण कुलपे वाढली की नवे संकट येते. एकाने पहिले धरून दुसऱ्याची वाट पाहायची, दुसऱ्याने दुसरे धरून पहिल्याची, आणि दोघेही कायमचे अडकायचे. म्हणून कोणते कुलूप आधी घ्यायचे नि कोणते नंतर, याचा क्रम कोडमध्येच टिपेच्या रूपाने लिहून ठेवला गेला. डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीतून हा बदल सर्वांपर्यंत पोचला.

प्रोसेसर वाढतच गेले, तशी या लहान कुलपांपाशीही गर्दी झाली. ईएक्सटी-४मध्ये, २०१० साली, थिओडोर त्सो यांनी जर्नलच्या स्थितीवरचे कुलूप असे बदलले, की नुसते वाचणारे कितीही जण एकदम आत जाऊ शकतील. लिहिणाऱ्याला मात्र एकट्यानेच जावे लागेल. काही ठिकाणी तर कुलूपच काढून टाकले.

आणि ते मूळचे मोठे कुलूप? ईएक्सटी-३ त्याच्या जाचातून सुटली, तरी ते इतरत्र रेंगाळले होते. रायझरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमला ते सोडायला २०१० उजाडले. कर्नेलमधले त्याचे अखेरचे अवशेष मे २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत काढले गेले. बसवल्याला तेव्हा पंधरा वर्षे होत आली होती.